गोचिडी काढल्या तरी परत येतात? कुत्रा, मांजर आणि घर कुठल्या क्रमाने हाताळायचं ते नीट वाचा

पाऊस सुरू झाला की मला ठरलेले फोन येतात. "अगं कालच आंघोळ घातली, गोचिडींचा शाम्पू लावला, आज परत कानात दहा." मी विचारते की मानेवरचं औषध कधी टाकलं, तर म्हणे आंघोळीनंतर लगेच, अंग ओलं होतं तेव्हाच. घरात काय केलं? फिनाईलने लादी पुसली. मांजर आहे ना तुमच्याकडे? हो, तिलाही त्याच ट्यूबमधलं दोन थेंब लावलं. इथे माझ्या पोटात गोळा येतो.

औषधं आता खरंच चांगली मिळतात. चूक होते ती क्रमात, म्हणजे काय आधी, काय नंतर, आणि काय सगळ्यांना एकाच दिवशी. म्हणून सगळं पायरीपायरीने लिहितेय. लांब झालंय पण अर्धं वाचून सुरू करू नका, निदान मांजराचा भाग तरी वाचाच.

आधी फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करा

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर जास्त करून दिसते ती तपकिरी गोचीड. ती आयुष्यभर कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. अंड्यातून खसखशीएवढं पिल्लू निघतं, ते कुत्र्यावर चढून रक्त पितं आणि खाली पडतं, मग भिंतीच्या फटीत कात टाकतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, असं तीनदा होतं. शेवटी रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली करडी मादी खाली उतरते आणि एखाद्या फटीत हजारांनी अंडी घालून मरते. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने जिवंत राहते, वर्षभरसुद्धा.

म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या सगळ्या दाराच्या चौकटीत, पलंगाखाली, पडद्याच्या वरच्या घडीत बसलेल्या असतात. म्हणून नुसत्या कुत्र्याला धुऊन काही होत नाही आणि नुसतं घर फवारूनही नाही.

पायरी १: तयारी (औषधाच्या निदान २-३ दिवस आधी)

पहिलं काम वजन. अंदाजे नको, खरं वजन. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा, वजाबाकी करा. गोचिडींच्या गोळ्या वजनाच्या गटांप्रमाणे येतात, आणि ९.८ किलो आणि १०.५ किलो हे काही कंपन्यांच्या बॉक्सवर दोन वेगळे गट असतात. मागच्या वर्षी डॉक्टरांनी लिहिलेल्या वजनावर यंदाची गोळी आणू नका, विशेषतः पिल्लू असेल तर.

दुसरं, घरात आणि दारात जेवढी जनावरं आहेत त्यांची यादी करा. कुत्रा, मांजर, ससा, पिंजऱ्यातले पक्षी, फिशटँक, आणि जिन्याखाली झोपणारा सोसायटीचा काळू पण. हे सगळं डॉक्टरांना आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगायचं असतं. फिप्रोनिल नावाचं औषध कुत्र्याला सर्रास लावतात पण सशाला ते जीवघेणं ठरू शकतं. भिंतीवर मारायची बरीच औषधं माशांना फार विषारी असतात. यादी नसली की घाईत नेमकं हेच सांगायचं राहतं.

तिसरं म्हणजे आंघोळ घालायची असेल तर ती आत्ता घाला, औषधाच्या दिवशी नाही. मानेवर टाकायचं औषध कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं, शाम्पूने तो थर धुतला जातो. त्यामुळे आधी २ दिवस आणि नंतर २ दिवस आंघोळ बंद. पावसात भिजून येणारा कुत्रा असेल तर मानेवरच्या औषधापेक्षा गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

सामान फार लागत नाही. बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचीड काढायचा हूक, झाकणाची छोटी बाटली आणि त्यात स्पिरिट, रबरी हातमोजे, बारीक दातांची फणी, डिजिटल थर्मामीटर, रुंद सेलोटेप, टॉर्च. मोबाईलचा टॉर्च धरायला एक माणूस लागतो, एकट्याने होत नाही.

तपासून घ्या: कुत्रा किंवा मांजर ८ आठवड्यांपेक्षा लहान आहे का? गाभण किंवा दूध पाजणारी आहे का? आधी कधी फिट आली आहे का? यातल्या कशालाही हो असेल तर बाजारातून परस्पर काही आणू नका. फिट येणाऱ्या कुत्र्याला काही गोळ्या जपून द्याव्या लागतात. आणि अगदी लहान पिल्लांच्या गोचिडी हाताने काढायच्या, औषध आईला द्यायचं आणि त्यांची गोधडी बदलत राहायची, तेही डॉक्टरांना विचारून.

पायरी २: अंग तपासणं

पाठीवरून हात फिरवला की झालं असं नसतं. त्या लपतात ठराविक जागी, म्हणून ठराविक क्रमानेच बघा म्हणजे काही राहत नाही. कानाच्या आत, आणि कानाच्या बाहेरच्या कडेला कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते तिच्यात (इथे सगळ्यांचं राहतं). मग पापण्या, ओठांची कड, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीखाली, आणि शेवटी चारही पायांच्या बोटांच्या मध्ये. बोटं उघडून टॉर्च मारा. पंजा सतत चाटत असेल तर तिथे असणार असं धरूनच चाला.

इथे एक विचित्र पण खरी चूक सांगते. लोक स्तनाग्र ओढतात. नराला पण असतात ना, पोटावर दोन ओळींत, बारीक काळपट. चिमटा धरला आणि कुत्रा कळवळला की मग कळतं. कधी चामखीळ असते. म्हणून ओढायच्या आधी टॉर्च मारून पाय बघा. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात, डोक्याच्या बाजूला एकवटलेले. पाय दिसले नाहीत तर हात लावू नका.

पायरी ३: चिकटलेली काढणं

हातमोजे घाला. चिमटा कातडीच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या, गोचिडीच्या पोटाला नाही, तोंडाच्या बाजूला पकडा आणि सरळ वर, हळूहळू, एकसारख्या जोराने ओढा. चिमटा असेल तर पिरगाळू नका, झटका देऊ नका. हूक असेल तर तो खाली सरकवून गोल फिरवायचा असतो, दोन्हीची पद्धत वेगळी आहे. काढली की थेट बाटलीतल्या स्पिरिटमध्ये. मग त्या जागी थोडं अँटिसेप्टिक, आणि हात साबणाने धुवायचे.

कधी तोंडाचा काळा तुकडा कातडीत राहतो. सुईने उकरत बसू नका, शरीर तो आपोआप बाहेर टाकतं. बारीक गाठ काही दिवस राहते, ठीक आहे. गाठ वाढली, पू झाला तर दाखवा.

सावधान: रॉकेल, जळती काडी, तेल, नेलपॉलिश, चुना यातलं काही लावायचं नाही. चिडलेली गोचीड सुटायच्या आधी तिच्या पोटातलं कुत्र्याच्या रक्तात सोडू शकते, म्हणजे ज्या गोचीड तापाला (गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या जंतूंच्या आजाराला) घाबरून आपण हे सगळं करतोय तोच आपल्या हाताने द्यायचा. शिवाय कुत्रा भाजतो ते वेगळंच.

नखाने चिरडणं पण बंद करा. आमच्याकडे गावाला अंगणात बसून नखावर नख दाबून टचकन फोडायची सवय होती, मीसुद्धा फोडल्यात. तिच्या अंगातल्या रसाने माणसालासुद्धा गोचिडीचा ताप येऊ शकतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरीत माकडतापामुळे (रानातल्या गोचिडीतून माणसाला होणारा ताप) लोकांना गोचिडीची भीती कळलेली आहे. ती रानातली गोचीड वेगळी आहे, पण तिकडे कुत्रा रानात फिरून येत असेल तर त्याचं आणि स्वतःचं, दोघांचं अंग तपासा.

अंगावर ५-१० असतील तर हाताने काढा. शेकड्याने असतील तर काढत बसू नका, कुत्रा हैराण होतो आणि कातडीची चाळण होते. औषध द्या, त्या मरून गळतात. आणि इतक्या असतील तर रक्त कमी झालं असण्याची शक्यता आहे, हिरड्या बघा (पायरी ७) आणि त्याच दिवशी दवाखाना.

पायरी ४: औषध, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी

साधारण तीन प्रकार आहेत. खायची गोळी (नेक्सगार्ड, सिम्पारिका महिन्याने एकदा, ब्राव्हेक्टो साधारण १२ आठवड्यांनी एकदा), मानेवर टाकायचे थेंब, आणि औषधी पट्टा. पावडर, साबण, शाम्पू यांना मी औषध धरत नाही, ते त्या दिवसापुरतं असतं. माझं स्वतःचं मत गोळीच्या बाजूने आहे, कारण ती धुतली जात नाही, मुलांच्या हाताला लागत नाही, आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं अंग चाटून तिला विषबाधा व्हायची भीती नाही. पण कुठली द्यायची ते कुत्र्याला तपासून डॉक्टर ठरवतील, माझ्या मतावरून आणू नका.

गोळी देताना: ब्राव्हेक्टो जेवणासोबतच द्या, रिकाम्या पोटी ती नीट लागू पडत नाही. गिळली ना ते बघा, काही कुत्रे गालात धरून सोफ्यामागे टाकतात. पुढचे दोन तास लक्ष ठेवा, उलटीत गोळी दिसली तर डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने दुसरी देऊ नका.

थेंब टाकताना: केस बाजूला करून उघड्या कातडीवर टाका, केसांवर नाही. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही. एकापेक्षा जास्त कुत्रे असतील तर वाळेपर्यंत एकमेकांना चाटू देऊ नका.

आता चुका, कारण पैसे इथेच वाया जातात. मोठ्या कुत्र्याची एक गोळी आणून दोन छोट्यांना अर्धी अर्धी देतात, स्वस्त पडते म्हणून. गोळीत औषध दोन्ही अर्ध्यांत सारखंच असेल याची खात्री नसते, म्हणजे एकाला कमी, एकाला जास्त. दुसरी चूक, गोळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी एक गोचीड चिकटलेली दिसली की "औषध लागू पडलं नाही" म्हणून वरून थेंब, वरून पट्टा. अहो, या गोळ्या रक्तातून काम करतात, गोचीड चावल्याशिवाय ती मरत नाही आणि मरायला काही तास लागतात, एक दिवससुद्धा. वाळलेली, न हलणारी दिसली तर औषध काम करतंय. दोन दिवसांनंतरही टम्म फुगलेल्या जिवंत दिसत असतील तर मात्र वजन, तारीख आणि बॉक्स घेऊन डॉक्टरांना विचारा.

तिसरी चूक गुरांच्या औषधाची. गोठ्यावर मारायचं ब्युटॉक्स किंवा गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "आमच्याकडे चालतं सगळ्यांना" म्हणून कुत्र्याला. कोली (मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात), तिच्यासारख्या जाती आणि त्यांची मिश्र पिल्लं, यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन जाऊन बसतं, लाळ, झोकांड्या, बेशुद्धी. इंजेक्शनचं माप गाई-बैलाच्या वजनाचं असतं, सिरिंजमध्ये चिमूटभर जास्त गेलं तरी कुत्र्याला ते खूप होतं. कोणी स्वस्तात टोचून देतो म्हणाला तर औषधाचं नाव विचारा आणि नाव सांगत नसेल तर टोचून घेऊ नका.

आणि हे पण खूप ऐकते, "आमचं नाइन-इन-वन दरवर्षी टोचतो, त्यात गोचीड ताप आलाच ना?" नाही आला. आपल्याकडच्या वार्षिक लसींमध्ये गोचीड तापाची लस नसते. जंताच्या गोळीनेही गोचिडी मरत नाहीत. तिन्ही वेगवेगळी कामं आहेत, तिन्ही करायची.

मांजर असलेल्या घरांनी इथे थांबून वाचायचं

मांजर स्वतःला चाटून साफ करते त्यामुळे तिच्यावर गोचिडी कमी दिसतात, पिसवा जास्त. तिच्यासाठी वेगळी औषधं येतात, बॉक्सवर मांजराचं चित्र आणि मांजराचं वजन असतं, तीच वापरायची.

कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. कुत्र्याच्या ट्यूबमधला थोडासा भागसुद्धा तिला मारू शकतो. कुत्र्याला धुवायला देतात ते अमिट्राझ, किंवा अमिट्राझचा पट्टा, तोही मांजराला विष. "थोडंसंच लावलं", "तिचं वजन कमी म्हणून अर्धं लावलं" हे हिशेब इथे चालत नाहीत. कुत्र्याला असे थेंब टाकले आणि मांजर त्याला बिलगून झोपते, तरी धोका आहे, दोघांना २-३ दिवस वेगळं ठेवा नाहीतर सरळ कुत्र्याला गोळी द्या.

चुकून लागलंच तर: मांजर कान फडफडवते, लाळ गाळते, अंग थरथरतं, मग झटके येतात. झटके सुरू नसतील तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात लगेच धुवा (गरम पाणी नको, कातडीतून जास्त शोषलं जातं), टॉवेलमध्ये गुंडाळून उबदार ठेवा आणि निघा. ट्यूबचं पाकीट सोबत घ्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना. दूध, तूप, हळद काही पाजू नका, झटक्यात घशात अडकतं.

फिनाईलबद्दल पण सांगते. लादी पुसायला वापरतात त्या बऱ्याच फिनाईलमधली द्रव्यं मांजराला घातक असतात, ती ओल्या लादीवरून चालते आणि मग पंजे चाटते. गोचिडी त्याने मरत नाहीतच. डांबर गोळ्या कपाटामागे टाकणं, टी ट्री ऑइल अंगाला चोळणं, जेवणात लसूण घालणं हे सगळं बंद, कुत्र्यालाही आणि मांजरालाही अपाय होतो.

पायरी ५: घर, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी

गोचिडी वर चढतात, हे लक्षात ठेवून शोधा. लोक फक्त लादी बघतात. दाराच्या चौकटीची वरची फट, स्विचबोर्डची कड, एसीच्या पाइपचं भोक, फोटोफ्रेमच्या मागे, पडद्याची वरची घडी, पलंगाचा सांधा, सोफा उलटा करून खालचं कापड, स्कर्टिंग. बाल्कनीत कुत्रा झोपत असेल तर बाल्कनीच्या टाइल्सचे सांधे आणि कुंड्यांच्या खाली.

१. कुत्र्याची गादी, चादर, आपलं बेडशीट (झोपतो ना वर?) पिशवीत भरून थेट मशीनमध्ये, ६० अंशाच्या गरम पाण्यात. मशीन नसेल तर कडकडीत पाण्यात भिजवून ठेवा. घरभर झटकत नेऊ नका. गादी फारच भरली असेल तर फेकून द्या, वाईट वाटतं पण फेका.

२. व्हॅक्यूम असेल तर फटीफटीतून फिरवा आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका, नाहीतर त्या चालत परत येतात. नसेल तर जुना टूथब्रश आणि सेलोटेप. भिंतीवर खसखस सांडल्यासारखी हलणारी पिल्लं दिसली तर झाडू मारू नका, पसरतात, सेलोटेप चिकटवून उचला. एका पट्टीत शेकड्याने येतात, मी मोजायचा नाद सोडला.

३. मग फवारणी. हे काम माहीतगाराकडून करून घ्या. त्याला स्पष्ट सांगा की गोचिडींसाठी पाहिजे, झुरळांचं जेल लावून गोचिडींना काही होत नाही. आणि यादी वाचून दाखवा, मांजर आहे, फिशटँक आहे. टँकवर प्लास्टिक घट्ट झाका, हवेचा पंप तेवढा वेळ बंद. जनावरं आणि मुलं बाहेर, सगळं पूर्ण वाळून खिडक्या उघडून हवा खेळेपर्यंत. मांजराला शेवटी आणा.

४. फवारणी वाळली की फटी बुजवा. पांढरं सिमेंट, एम-सील, सिलिकॉन, जे असेल ते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. आमच्या चौकटीची एक फट बुजवल्यावर जो फरक पडला तो आधीच्या दोन फवारण्यांनी पडला नव्हता.

सावधान: फवारणीनंतर लगेच घासून पुसू नका. फटींच्या कडेने औषध राहिलं पाहिजे, ते पुसलं की पैसे गेले.

तपासून घ्या: १० दिवसांनी टॉर्च घेऊन त्याच जागा पुन्हा बघा. नवीन खसखस दिसली तर अंडी फुटलीत, फवारणी चुकली असं नाही. अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून २-३ आठवड्यांनी दुसरी फवारणी आधीच ठरवून टाका.

पायरी ६: कॅलेंडर

पहिल्या गोळीनंतर अंग साफ होतं आणि सगळे दुसरी विसरतात. मी पण विसरले होते. आमची राणी, देशीच आहे, जूनमध्ये गोळी दिली, जुलैत एक पण दिसली नाही म्हणून म्हटलं कशाला उगाच, आणि ऑगस्टच्या शेवटी तिच्या नाकातून रक्त आलं. प्लेटलेट ३८ हजार होत्या, कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर हव्यात. वाचली, पण ते तीन आठवडे मला आठवले तरी हात गार पडतात.

फटीत बसलेल्या महिनोन्महिने उपाशी राहतात हे वर सांगितलंय. औषध दिलेला कुत्रा घरात फिरतो तेव्हा त्या येऊन त्याच्यावर चढतात आणि मरतात, म्हणजे तोच तुमचा सापळा आहे. सापळा मध्येच काढला की उरलेल्या पोट भरून पुन्हा अंडी घालतात. त्यामुळे एकदा घरात शिरल्या असतील तर निदान ४-६ महिने खंड नाही, आणि आपल्या हवेत मी तर म्हणेन वर्षभर. थंडीत कमी होतात, संपत नाहीत.

मोबाईलमध्ये रिमाइंडर तारखेच्या ३ दिवस आधीचा लावा, गोळी दुकानात नसते ऐनवेळी. बॉक्सचा फोटो काढा, त्यावर वजनाचा गट, बॅच आणि एक्स्पायरी दिसते.

सोसायटीच्या कुत्र्यांचं पण याच कॅलेंडरवर बसवा. आमच्या बिल्डिंगमध्ये चार आहेत, आम्ही काही घरं मिळून वर्गणी काढतो, डॉक्टरांना वजनाचा अंदाज घ्यायला एकदा बोलावलं, आणि चिकनच्या तुकड्यात गोळी घालून एकेकाला वेगळं बोलावून देतो. घोळक्यात दिली तर एकच सगळ्या खातो. पार्किंगमधल्या गोचिडी कमी झाल्या तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या पण कमी झाल्या. त्यांना हाकलून हे होत नाही, त्यांच्या जागी दुसरे येतात, गोचिडी घेऊन.

पायरी ७: ताप आलाय का, हे कसं ओळखायचं

सगळं करूनही एखादी चावून जाऊ शकते. काही जंतू चावल्यावर थोड्या तासांत रक्तात उतरतात. त्यामुळे गोचीड सापडली ती तारीख लिहून ठेवा आणि पुढचे ३ आठवडे रोज दोन मिनिटं द्या. त्यानंतरही विसरू नका, काही कुत्र्यांत आजार महिनोन्महिने दबून राहतो.

जेवण: रोज ताटावर तुटून पडणारा कुत्रा नुसता वास घेऊन परत गेला, तर त्याच दिवशी ताप बघा. बहुतेकांना पहिलं लक्षण हेच दिसतं आणि "उन्हाने असेल" म्हणून दोन दिवस जातात.

ताप: नाक गरम-गार यावरून काही कळत नाही. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हळूच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्यापेक्षा जास्तच असतं. नुकताच पळून आला असेल तर अर्धा तास थांबून घ्या. १०३ च्या वर असेल तर दवाखाना.

हिरड्या: बोटाने दाबा, पांढरं पडून २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. फिकट, पिवळट, किंवा लाल ठिपके दिसले तर रात्र असली तरी निघा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

बाकी: पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, चहा-कॉफीच्या रंगाची लघवी, पाय धरल्यासारखं चालणं, डोळे निळसर होणं. यातलं एक पुरे आहे, दुसऱ्याची वाट बघू नका.

सावधान: घरातलं क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याला ब्रुफेनने पोटात रक्तस्राव होतो, आणि प्लेटलेट आधीच कमी असतील तर ते थांबत नाही.

दवाखान्यात रक्ताचा सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट मोजायची तपासणी) करून घ्या आणि रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली बघितली का ते विचारा. मशीन कधी कधी गुठळ्या झालेल्या प्लेटलेट मोजत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. शिवाय गोचीड ताप हा एकच आजार नाही. एर्लिकिया, बबेसिया, हेपॅटोझून असे वेगवेगळे जंतू आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने एर्लिकिया बरा होतो पण एकट्या डॉक्सीवर बबेसिया जात नाही, म्हणून "गेल्या वेळची गोळी आहे घरात, तीच सुरू करू" असं करू नका. मेडिकलवाल्याला विचारून तर नकोच.

डॉक्सी साधारण ४ आठवडे चालते. तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक बंद करतात, मग दोन महिन्यांनी तोच आजार जास्त चिवट होऊन येतो. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, कोरडी घशात अडकू देऊ नका, मागून थोडं पाणी किंवा खाणं द्या. दुधातून किंवा कॅल्शियमच्या सिरपसोबत नको, औषध नीट शोषलं जात नाही.

खाजगी दवाखाना परवडत नसेल किंवा जवळ नसेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तिथे फक्त गाई-म्हशी बघतात असं नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं आणि विदर्भातल्यांना नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज आहे. जाताना गोचिडींची ती स्पिरिटची बाटली, शेवटच्या गोळीच्या बॉक्सचा फोटो, चावल्याची तारीख आणि दोन दिवसांचं तापमान लिहिलेला कागद न्या. कोर्स संपल्यावर रक्त पुन्हा तपासायची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या, कुत्रा चांगला दिसतोय म्हणून ती रद्द करू नका, आणि त्या महिन्याची गोचिडींची गोळी आजारपणात चुकली असेल तर ती कधी द्यायची हेही तिथेच विचारून घ्या.